परक्या मेंढरांना हाक

"अजून एकदा ओरड ना म्हाताऱ्या. साहेबाच्या मोबाइलात नीट आलं नाय," परदेशी कामाला माणसं पाठवणारा एजंट बाजेवरून ओरडला.

म्हातारा म्हणजे माझा बाप. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. चितेगावच्या बाजूला, एजंटाच्या शेतात, भर उन्हाळ्यात ते अंगावर घोंगडं घेऊन उभे होते. समोर कुंपणात मेंढरांचा घोळका. आप्पा हाक घालत होते आणि एकही मेंढरू मान वर करत नव्हतं. बाजेवर बसलेले लोक हसत होते. मी त्या बाजेशेजारीच उभा होतो.

ते घोंगडं मीच आणायला लावलं होतं. हे आधी सांगून टाकतो, कारण एजंटाला शिव्या घालणं सोपं आहे.

मी आयटीआय केलेला वेल्डर. परदेशी जायचं खूळ डोक्यात बसलेलं. एजंटाचं ऑफिस शहरात, गारखेड्यात. तो आमच्याच भागातला, मोठ्या जमीनदार घरातला. त्यांच्या वावरात खतासाठी आप्पांची मेंढरं बसायची, म्हणून त्यानं मला लगेच ओळखलं. माझं सर्टिफिकेट त्यानं न वाचता टेबलावर उलटं ठेवलं.

"वेल्डर पैशाला पासरी हायेत. तू धनगराचं पोरगं ना? सौदीत मेंढरं राखायला माणूस पाह्यजे. तुला टाकतो तिथं."

"मी कधी मेंढरं राखली नाय, भाऊ. आप्पांनी मला शाळंत घातलं."

"आरं, रगतातच असतंय तुमच्या."

त्याच्या भावकीतला एक जण माझ्या बाजूला बसला होता. त्याला ड्रायव्हरचं काम मिळालं. त्याला गाडी मागं घेता येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत. मला लई राग आला. मी तो गिळला. तिकडं पोचलो की वेल्डिंगचं बघू, अशी स्वतःची समजूत काढली आणि पासपोर्ट एजंटाच्या हातात दिला.

कंपनीचा साहेब मुंबईहून परीक्षा घ्यायला येणार होता. "तुला जमत नसंल तर बापाला आण," एजंट म्हणाला. "फेटा, घोंगडं, समदं घालून. बाप असली दिसला की पोराचं काम होतंय."

"ह्या उन्हात घोंगडं कशाला रं?" आप्पांनी मला विचारलं.

"साहेबाला तसं दिसलं पाह्यजे, आप्पा."

त्यांनी आपली मेंढरं आईवर सोपवली, धुतलेलं धोतर नेसले आणि माझ्या मोटारसायकलवर मागं बसले. लग्नाला निघाल्यासारखे खूश होते. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, पोरगं इमानात बसणार म्हणून.

कुंपणातली मेंढरं एजंटानं आदल्या दिवशी बाजारातून आणली होती. मेंढरू परक्याच्या हाकेला येत नाही. आमच्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला तर आप्पांनीच लहानपणी सांगितलं होतं.

"असली आदमी है ना ये?" साहेबानं मोबाइल खाली न घेता विचारलं.

"एकदम असली, साब," एजंट म्हणाला.

आप्पांना हिंदी येत नाही. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ही आपली नायती रं बाळा. सांग की त्यांला."

एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. शिकवलेल्या पोरानं बापासाठी एक वाक्य. पण मध्ये बोललो तर माझं नाव कटेल, ही भीती. मी म्हणालो, "आप्पा, अजून एकदा घाला."

त्यांनी घातली. घसा बसला होता, नुसतीच हवा आली. मेंढरं चरत राहिली.

एजंट बाजेवरून उठला. "मेंढरं तर बापाचं ऐकत नायत. तू तरी ऐक. जा तिकडं, हो चार पायांवर. बापानं हाक मारली की पळत ये. साहेबाला गंमत."

सगळे हसले. आणि मी वाकलो. तापलेल्या मातीला माझा हात लागला. हे मी लपवणार नाही. मला कुणी ढकललं नव्हतं.

वर पाहिलं. आप्पा माझ्याकडं बघत होते. ओठ घट्ट मिटलेले.

"मार ना हाक," एजंट म्हणाला.

आप्पांनी मान हलवली. नाही.

नकार आधी त्यांनी दिला. मी नाही. त्यांचा नकार बघून मी उभा राहिलो. लाज वाटत होती, आणि त्या लाजेतूनच पहिल्यांदा राग वर आला.

"पासपोर्ट द्या," मी एजंटाला म्हणालो.

"डोस्कं फिरलं का? पुन्ना या दारात उभं करायचो नाय मी तुला."

"पासपोर्ट द्या." मग साहेबाकडं वळून हिंदीत सांगितलं, "साब, ये हमारी भेड़ें नहीं हैं. पराई आवाज पे नहीं आतीं." बोललो. लई उशिरा बोललो. साहेब व्हिडिओ बघण्यात गुंग होता.

एजंटानं बाजेवरच्या पिशवीतून पासपोर्ट काढून फेकला, तो उचलून आलो. आज मी चितेगावातल्याच एका कारखान्यात वेल्डिंग करतो. आप्पा अजून मेंढरांमागं जातात. पूर्वी माळावरून माझ्या नावानं हाक यायची, साऱ्या वस्तीला ऐकू जायची. त्या दिवसानंतर ती कधी आली नाही. काम असलं तर जवळ येऊन हळू बोलतात. मी माफी मागितली. "जाऊ दे," म्हणाले. पण हाक नाही ती नाहीच.

परवा वस्तीतला एक इलेक्ट्रिशियन माझ्याकडं आला. त्यालाही त्याच एजंटानं मेंढरांचंच काम सांगितलंय. सोमवारी बापाला घेऊन ऑफिसात बोलावलंय.

मी त्याला म्हणालो, बाप घरी राहील. मी येतो. सर्टिफिकेट टेबलावर सुलटं ठेवायचं. त्यानं उलटं केलं तर पुन्हा सुलटं करायचं. आणि बोलायचं ते दारात पाय ठेवल्याबरोबर, बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

सोमवारी मी रजा टाकली आहे. घोंगडं कुणी आणणार नाही.