देवापुढची पाटी

मी बोलून राहिलो आन् सून लिहून राहिली. ती मधातच हसते. काय लिहिलं म्हणून विचारलं त म्हणते, "तुमी बोला मामंजी, मी बराबर लिहिते." आता बराबर लिहिते का न्हाई, ह्ये मला कसं कळावं? आमचं सगळं आयुष्य असंच दुसऱ्याच्या भरोशावर गेलं.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावाला. मी हिंगोलीकडच्या गोरेगावातून जीपनं येतो. आधी मी कॉलेजच्या बागेत व्हतो. लायब्ररीतला जुना शिपाई रिटायर झाला, त मला तिथं टाकलं. त्या दिवशी प्राचार्यसाहेब माझ्यासमोर लायब्ररीच्या मॅडमला म्हणले, "तात्पुरता घ्या. पण लायब्ररीत वाचता येणाराच माणूस पाहिजे. ह्याला येतं ना?"

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. व्हय म्हणून हलवली का न्हाई म्हणून, ह्ये माझं मलाच कळलं न्हाई, पण मॅडमनं व्हय धरलं.

खरं सांगितलं असतं त परत बागेत. बागेत ऊन लई, गुडघे बसलेले, आन् घरी सगळ्यायला सांगून बसलो व्हतो की आता मी पंख्याखाली हाय. आता परत कुदळ हातात घ्यायची म्हणजे गावात तोंड कुठं दाखवावं?

मला आकडे येतात. बाजारात आन् फोनवर आकडे लागतातच. पुस्तकाच्या पाठीवर आकडे असतात, त्याच्यावर माझी गाडी चालली. आकड्याखाली अक्षरं असतात, तिथं मी डोळे झाकून घ्यायचो. मासिकं मी फोटो बघून ठेवायचो. एकदा वांग्याचा फोटो बघून शेतीचं मासिक बायकांच्या स्वयंपाकाच्या मासिकात ठेवलं. शेतीचे सर महिनाभर ते हुडकीत व्हते आन् मी पण त्यांच्यासंगं खाली वाकून वाकून हुडकीत व्हतो.

कोणी काही वाचायला दिलं की माझं एकच, "चष्मा घरी राहिला." कॉलेजातली लेकरं हसायले लागले. म्हणून मंग बाजारातून एक चष्माच घेतला. त्याला नंबर न्हाई, निस्ती काच.

तपासणीची कमिटी येणार म्हणून कॉलेजात रंगरंगोटी सुरू झाली. आमच्या मॅडम हिंगोलीहून येणंजाणं करतात. एक दिवस त्या चार निळ्या पाट्या घेऊन आल्या, वरती पांढरी अक्षरं.

"मामा, आपल्या लायब्ररीत कोणता विभाग कुठं, कोणती सेवा कुठं मिळते, ते कमिटीला दारातूनच कळलं पाहिजे," मॅडम म्हणल्या. "मागं चिकटपट्टी आहे. जिथली तिथं लावून टाका. पक्क्या लावा, पडायला नकोत. माझी बस निघाली."

"व्हय मॅडम," मी म्हणलो. जीभ कापून टाकावी असं वाटलं.

मॅडम गेल्या. लायब्ररीतला बाबू ऑफिसात अडकलेला. लेकरायला सुट्टी. मी पाट्या टेबलावर मांडल्या आन् चष्मा घातला. जसं काय त्यानं अक्षरं उघडणार व्हती!

आता मला एकच शब्द येतो, तो म्हणजे देव. आमच्या जीपच्या मागं मोठ्ठ्या अक्षरात लिहिलंय, 'देव बघून राहिला.' जीप चुकली की मागून तेवढंच दिसतं. आन् माझी जीप लई वेळा चुकते. त्यातलं पहिलं अक्षरांचं जोडपं माझ्या ध्यानात बसलेलं.

आन् एका पाटीवर तेच! देव. पुढं अजून काहीबाही व्हतं, पण देव स्पष्ट दिसला. माझा जीव भांड्यात पडला. दारातून आत आलं की डाव्या हाताला सरस्वतीचा फोटो, खाली उदबत्तीचं घर. देवाची पाटी देवाखाली. चिकटवली आन् दोन्ही हातांनी दाबली.

राहिल्या तीन. त्यातल्या दोघींचं शेपूट देवाच्या पाटीसारखंच व्हतं, एकीला शेपूट न्हाई आन् ती सगळ्यात आखूड. मी डोकं चालवलं. आखूड पाटी, आखूड जागा. ती लावली झाडू-बकेटीच्या खोलीला. सगळ्यात लांब पाटी सगळ्यात मोठ्या हॉलला. उरली ती पुस्तकं देतात त्या टेबलाला.

मंग दिसलं की मासिकाचा रॅक आन् जाड पुस्तकाचं कपाट बिनपाटीचं राहिलं. म्हणलं, मॅडमनं कमी आणल्या असतील.

तरी मन मानंना. गेटवरच्या वॉचमनला बोलावलं.

"बग बरं, बराबर लागल्या का?"

तो लांबून बघून राहिला, जवळून बघून राहिला. "निळा रंग चांगला दिसतो," म्हणला.

"रंग न्हाई रे, लिहिलेलं बग."

"लिहिलेलं पण चांगलं हाय. तुला काय वाटतं?"

"मला त बराबर वाटतं."

"मंग बराबरच हाय की! मला काहून विचारून राहिला?" आन् तो घाईनं गेटवर गेला. तो काहून घाईनं गेला, ह्ये मला लई उशिरा समजलं.

दुसऱ्या दिवशी मी जीप चुकवली न्हाई. मॅडमची बस उशिरा आली. त्या गेटवरूनच कमिटीसंगं आल्या, दोन साहेब आन् एक बाई. मॅडम तोंड त्यांच्याकडं करून उलट्या चालत सांगून राहिल्या व्हत्या. पाट्या त्यांच्या पाठीकडं.

म्हातारे साहेब पाटी वाचून म्हणले, "अरे वा, स्वतंत्र वाचन कक्ष!" आन् त्यांनी झाडूच्या खोलीचं दार उघडलं.

आधी झाडू पडला. मंग बकेट. मंग माझा डबा, भाकरीसकट.

बाई म्हणल्या, "इथं बसून वाचतात का विद्यार्थी?"

मॅडमनं मागं वळून बघितलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं. त्यांची नजर खोलीवरून हॉलवर गेली, हॉलवरून टेबलावर गेली, आन् मंग सरस्वतीवर येऊन थांबली. म्हातारे साहेब पण तिथंच गेले आन् मोठ्यानं वाचलं, "देवघेव विभाग."

तवा मला पहिल्यांदा कळलं की त्या देवाच्या पुढं घेव हाय. पुस्तकं द्यायची-घ्यायची पाटी मी उदबत्तीखाली लावली व्हती!

"ही देवघेव कोण पाहतं?" साहेबांनी विचारलं. "पाट्या कोणी लावल्या?"

"मी साहेब."

"वाचून लावल्या का?"

माझ्या तोंडातून रोजचंच निघालं, "चष्मा घरी राहिला साहेब."

सगळे माझ्या नाकाकडं बघून राहिले. मी हात लावला. चष्मा नाकावरच व्हता.

बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मॅडम हसल्या न्हाईत.

मंग कमिटी प्राचार्यांच्या खोलीत बसली, मॅडम पण तिथंच. मी भाकरी गोळा केली. बागेत कुदळ कुठं ठेवली असंल, त्याचाच विचार करून राहिलो. वॉचमन आला आन् खिडकीतून म्हणला, "गड्या, मी तुला म्हणलो व्हतो ना, रंग चांगला हाय. लिहिलेल्याचं त मी तुलाच विचारलं व्हतं."

मॅडम आल्या. "मामा, दार लावा." त्यांनी झाडूच्या खोलीची पाटी खरवडून काढली आन् माझ्यासमोर धरली. "वाचा."

मी चष्मा काढून खिशात घातला. त्यांनी सरस्वतीखालच्या पाटीकडं बोट केलं. "ती?"

"देव."

"पुढं?"

"मॅडम, देवापुढं मी कंदीच गेलो न्हाई."

त्या खुर्चीत बसल्या. मंग म्हणल्या, "प्राचार्यांना सांगितलं, पाट्या कुठं लावायच्या ते सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. कमिटीतल्या साहेबांनी एवढंच विचारलं, चष्म्याचं काय?"

"मंग?"

"मी म्हटलं, नंबर वाढला असेल." तवा कुठं त्यांच्या ओठाला जरा हसू आलं. "उद्या इथंच यायचं. ती काच घरी ठेवून या. आणि परत काही न कळता व्हय म्हणालात, तर बागेत मी स्वतः नेऊन सोडीन."

बाकीच्या दोन पाट्या निघाल्या. सरस्वतीखालची निघंना. इतकी दाबली व्हती की ओढली त भिताडाचा पोपडा यायला लागला. शेवटाला मॅडम म्हणल्या, राहू द्या. बाबू आन् मी टेबलच उचलून सरस्वतीखाली नेलं. आता आमची देवघेव तिथंच चालते, लेकरं पुस्तक घेता घेता फोटोच्या पाया पडतात.

रोज सकाळी फडकं मारताना मॅडम तिकडून विचारतात, "मामा, कुठपर्यंत आलात?"

'घे' पर्यंत आलोय. त्याच्या पुढच्या 'व'नं लई तकलीफ दिली न्हाई, तो देवातलाच निघाला. पण मंग ते शेपूट सुरू होतं, आन् तिथं मी अजून निस्तं फडकं फिरवून पुढं सरकतो.