विमलताईंच्या शेजारची सहा वर्षे

"उपाशी आलात का?" हा डॉ. विमलताईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न. मी नुकताच डॉक्टर होऊन मंचरच्या त्यांच्या दवाखान्यात रुजू झालो होतो. पुढची सहा वर्षे त्यांच्या शेजारी बसून शिकलो.

पहिल्याच वर्षी ताई परगावी असताना पिंपरी पेंढारची सिंधू आली. तिशीतली, शेतात राबणारी. थकवा, वजन घटलेले. तपासणीत थायरॉईड कमी निघाले. मी गोळी सुरू केली. पंधरा दिवसांत ती जास्तच गळाली, म्हणून मी गोळी वाढवली. ताई परतल्या, त्यांनी तिचा कागद वाचला आणि म्हणाल्या, "तिला आत्ता घेऊन या. गाडी न्या."

"उन्हातान्हात काळी पडली, बाकी काय न्हाई व्हतं," सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी सिंधूचे तळहात उघडले. रेषा काळ्या झाल्या होत्या. हिरड्याही.

"उन्हानं हिरड्या काळ्या होत नाहीत, मावशी. सिंधू, मीठ खावंसं वाटतं?"

"लई. नुसतं चाटते, बाई."

रक्तदाब फार खाली होता. तपासणीला रक्त काढून ताईंनी लगेच सलाईन आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले. तिच्या शरीराने थायरॉईडबरोबर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींवरही हल्ला चढवला होता. अशा वेळी आधी त्या ग्रंथींची उणीव भरून न काढता दिलेली थायरॉईडची गोळी जिवावर बेतते. दुसऱ्या दिवशी सिंधू उठून बसली आणि तिने चहा मागितला.

मी माफी मागितली.

"माझी धाकटी बहीण अशीच काळवंडत गेली," ताई म्हणाल्या. "घरचे म्हणायचे, उपासांनी वाळली. मी डॉक्टर असून मला कळलं नाही, आणि ती गेली. अजून वाटतं, एकदा तिचा हात हातात मिळावा."

एक ग्रंथी बिघडली की बाकीच्यांची चौकशी करायची, हे मी तिथे शिकलो. दर वर्षी सिंधूची साखर तपासायला ताई विसरल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी तिचा मधुमेह लवकर सापडला तो त्यामुळेच.

आज मी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात आहे. यंत्रे भरपूर आहेत, प्रत्येक ग्रंथीचा तज्ज्ञ वेगळा आहे. तरी एखादा रुग्ण उलगडेनासा झाला की मी उजवीकडे वळून पाहतो. ताई त्या बाजूला बसायच्या.

ताई, आपली पंचाहत्तरी झाली; यापुढची सगळी वर्षे निरोगी आणि निवांत जावोत. दवाखाना अजून सोमवारी उघडता असे ऐकतो. एखाद्या सोमवारी मला पुन्हा शेजारी बसू द्या.