लाडवांच्या ताटाखालचं भोक

लेकीनं आज टेबलावर लिननचं नवं कापड अंथरलं, वर उदबत्ती लावली आणि मी ओरडलेच, "ती आधी लांब ठेव की!"

तीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात मला बघायला पाहुणे आले, तेव्हा शेजारून मागून आणलेल्या अशाच कापडावर केळ्यात खोचलेली उदबत्ती कलंडली. पाहुणे दारात आणि कापडाला भोक! आईनं घाईघाईनं त्यावर लाडवांचं ताट सरकवलं. माझा जीव त्या ताटात अडकला. मुलाच्या आईनं नेमकं तेच उचललं. करपलेलं भोक उघडं पडलं, माझ्या आईचा चेहरा उतरला. बाईंनी एक लाडू घेतला आणि ताट बरोबर भोकावर ठेवलं.

"उदबत्त्या आमच्यात बी लावत्यात की, वैनी."

मुलगा मी नीट बघितलाच नव्हता. होकार दिला तो त्या बाईंना.