खुर्चीची पाठ

दार वाजलं तेव्हा वहिनींची बैठकीची फरशी निम्मी पुसून झाली होती. दारात सासऱ्यांच्या खुनाचा तपास केलेले तेच फौजदार, बरोबर अपिलाच्या कोर्टाने पाठवलेले बंदुकीचे तज्ज्ञ, आणि मागे दोन शिपायांनी उचलून आणलेली सासऱ्यांची खुर्ची. ओल्या फरशीवरून सगळे बुटांसकट आत आले. बुटांऐवजी अक्कल बाहेर काढून आलेत, वहिनी मनात म्हणाल्या आणि फडकं पिळून बाजूला उभ्या राहिल्या.

याच खोलीत, याच खुर्चीत बसल्या जागी सासऱ्यांना कुणीतरी गोळी घातली होती. गोळी खुर्चीच्या पाठीतून शिरलेली. खुर्चीची पाठ आतल्या खोलीकडे, आत झोपलेला धाकटा दीर, आणि आदल्याच दिवशी बापलेकांचं वाजलेलं. झालं, धाकट्याला जन्मठेप. बंदूक सापडलीच नाही; पण एवढ्यातेवढ्यावर अडून बसतील तर ते फौजदार कसले!

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा धाकटा शेंबडा पोर होता. त्याचं दप्तर त्याच भरायच्या. या घरात जो तो वस्तू टाकून जायचा आणि वहिनी ती जागेवर ठेवायच्या. सासरे रोज सकाळी रस्त्याचं दार उघडून, त्याकडे पाठ करून, आतल्या भिंतीवरच्या आरशासमोर दाढीला बसत. उठले की वहिनी खुर्ची पुन्हा रस्त्याकडे तोंड करून ठेवत. गोळी लागली त्या सकाळीही चार माणसं येतील म्हणून त्यांनी सासऱ्यांना खाली निजवलं, गालावरचा साबण पुसला, फरशी पुसली, आणि हाताच्या सवयीने खुर्चीही फिरवली.

हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. दिराला वाचवायला गोष्ट बरी रचलीत, असं म्हणून फौजदार हसले होते. मग एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर खुंट कसे, या वहिनींच्या प्रश्नावरही त्यांचं उत्तर तयार होतं: म्हाताऱ्यांची दाढी अशीच असते.

आता फोटो बघून खुर्ची तेव्हासारखी मांडली गेली. तज्ज्ञांनी भोकातून लाल दोरा ओवून ताणला. तो सरळ धाकट्याच्या पलंगाकडे गेला. फौजदारांचा चेहरा असा खुलला, जणू मुलगी बघायला आलेल्यांनी होकार दिला.

"शास्त्र खोटं बोलत नाही, बाई," तज्ज्ञ समजावणीच्या सुरात म्हणाले.

"नसेल बोलत. पण ते मी मांडलेल्या खुर्चीवर बसलंय."

तज्ज्ञ दोरा गुंडाळायला लागले, तेव्हा वहिनींनी त्याच्या टोकावर बोट ठेवलं.

"माझं एकच मागणं आहे. खुर्ची आरशाकडे फिरवा आणि दोरा एकदा परत लावा."