सुखदेव डायवरची संगत

पोळ्यानंतरचा सोमवार, सकाळी आठ. हजर : डॉक्टर, वॉर्डबॉय किसन, सिस्टर म्हणजे मी, आणि खाटेवर सुखदेव. महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. व्यसन सोडवायच्या आमच्या दवाखान्यात सहा खाटा. त्या दिवशी पाच रिकाम्या.

चहा आला की सुखदेव त्यातला अर्धा बशीत ओतून शेजारच्या रिकाम्या खाटेकडे सरकवायचा. कुणी येऊन ती बशी उचलेपर्यंत स्वतः पीत नसे. बहुतेक वेळा चहा निवायचा.

तो धाड गावचा, कापसाच्या गाठींचा ट्रक चालवायचा. जागरणाच्या गोळ्या खाऊन खाऊन बोटं थरथरत होती. दाखल करताना मी विचारलं, "गोळ्या कशासाठी?"

"जागाले लागतात, बाई."

ट्रक चालवणारा माणूस. मी पुढं विचारलं नाही. दाखल-कागदावर दारू, तंबाखू, गोळ्या एवढेच रकाने होते.

तीन आठवड्यांत तो झोपू लागला, जेवू लागला. भेटायला कुणी नाही, म्हणून पत्त्यांचा जोड मीच आणून दिला. किसनशी त्याचं जमलं. माहेरी मोताळ्याला बसलेली त्याची बायको शांता माझ्या शब्दासाठी थांबली होती. मी पत्र लिहिलं : गोळ्या सुटल्या, निर्धास्त या. ती येऊन त्याला घेऊन गेली.

मग किसन हसत म्हणाला, "बाई, सुखदेवभाऊनं पत्त्यात आठ दिवसाचं दूध हारलं मायाजवळ."

दिवाळीनंतर सुखदेव एकटाच परत आला. बोटं तशीच.

"ट्रकसाठी पुन्हा?"

"ट्रकसाठी नव्हत्याच बाई. डावासाठी होत्या. डोळा लागला का गडी उठून जातात. मंग मी एकटाच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी काऊन इचारलं नाही? वरून पत्ते तुमीच देल्ले." तो हसला. शांता पुन्हा माहेरी गेली होती. नवऱ्यानं आपल्यालाही फसवलं आणि सिस्टरबाईलाही, असं तिनं धरलं होतं.

"या वेळी पत्ते नाहीत," मी म्हटलं.

"मंग कोन बसन मायाजवळ?"

रोज तीन ते चार मी बसले. तो घाटातली वळणं सांगायचा, मी पट्ट्या गुंडाळायची. नवव्या दिवशी खाट रिकामी होती. नंतर त्याचा पत्ता लागला नाही.

दाखल-कागदावर मी हातानं 'जुगार' लिहायला लागले. मोताळ्याला जाऊन शांताला सांगायचं आहे की तो माझ्याशी खोटं बोलला नव्हता. अर्धंच मी विचारलं होतं. ते अजून राहिलं आहे.