बिरप्पामामांची राखण

त्या दिवशी सकाळी मुडबीहून शेवंतामामींचा फोन आला. आवाज अगदी दबका. ‘‘सुमे, तुझे मामा अजून उठले न्हाईत बघ. ऊन ओट्यावर आलंय तरी गाढ झोपलेत.’’ मला इतका आनंद झाला की भाकरी तव्यावर तशीच सोडून मी बाहेर आले. ‘‘मामी, उठवू नका हं! झोपू द्या त्यांना!’’ ‘‘कोण उठवायलंय? ओरडायलीय म्हणून शेळी मागं नेऊन बांधले. दूधवाल्याला बी म्हणले, हळू बोल बाबा.’’ मामांना अलीकडे झोप लागू लागली होती हे खरं, पण ऊन वर येईपर्यंत...? असं आक्रीत कधी घडलं नव्हतं. आम्ही दोघी फोनवर कुजबुजत खूश झालो. थोड्या वेळाने शेजारच्या शंकरचा फोन आला. मामा झोपेतच गेले होते. ज्या माणसाने झोपेसाठी देव, वैद्य आणि डॉक्टर पालथे घातले, त्याच्या मरणालाच आम्ही झोप समजून बसलो. मामा असते तर पोट धरून हसले असते. मी त्या वेळी आधी हसले की आधी रडले, ते मलाच नीट आठवत नाही.

बिरप्पामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. तरुणपण मेंढरांमागे रानोमाळ गेलं, पुढे कळप विकून त्यांनी शेती केली आणि तूर पिकवत मुडबीत स्थिरावले. पण झोप काही स्थिरावली नाही. ‘‘रातभर डोळ्याला डोळा न्हाई,’’ हे त्यांचं सकाळचं पहिलं वाक्य. आता गावाचं एक बरं असतं, ते कुणाचं दुखणं वाया जाऊ देत नाही. मामा जागेच आहेत ना, मग शंकर जाता जाता सांगायचा, ‘‘मामा, हिरीवरच्या मोटारीची लाइट आली की हाक मारा.’’ कुणाला उमरग्याची पहिली बस धरायची असे, कुणाची म्हैस व्यायला झालेली असे. मामा सगळ्यांना वेळेवर उठवत आणि वर त्यांच्यावरच चिडत, ‘‘तुमी झोपा, मी हाय की तुमचा घड्याळ!’’ तरी माझ्याजवळ त्यांनी एकदा बोलून दाखवलं होतं, ‘‘सुमे, मरायच्या आधी चार मान्सासारखं एकदा झोपावं वाटायलंय गं.’’ थट्टेचा बादशहा असलेला माणूस हे मात्र थट्टेने बोलला नव्हता.

उपाय थोडे झाले नाहीत. मामींनी दुधात जायफळ दिलं, खसखस दिली, काशाच्या वाटीने तळपायांना तेल चोळलं. या शेवटच्या उपायाने झोप यायची, पण मामींना. मामांचा पाय मांडीवर घेऊन त्या बसल्या बसल्या घोरायला लागत आणि मामा पाय न हलवता जागे राहत, बिचारीची झोप मोडू नये म्हणून! मग कलबुर्गीच्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळीने रात्री नाही ते नाहीच, दिवसा मात्र उभ्या उभ्या झोप येऊ लागली. एका लग्नात मामा अक्षता मुठीत धरून असे डुलले की नवरदेव बाजूला आणि त्यांनाच सावरायला चौघे धावले. त्यानंतर त्यांनी गोळ्यांना हात लावला नाही.

माझी लेक मेघा बेंगळुरूला निद्रानाशावरच संशोधन करते. मामांना याचं मोठं नवल, ‘‘झोपंवर बी नोकरी असतीय व्हय?’’ तिने फोनवरून त्यांना समजावलं की हल्ली अशा जुनाट दुखण्यात आधी गोळी देत नाहीत, आधी सवयी बदलायला लावतात. अंथरुणावर तळमळून तळमळून अंथरूण दिसलं की जागं व्हायचं, अशीच खोड मेंदूला लागते, ती मोडायची. डोळे मिटायला लागले तरच आडवं व्हायचं, झोप नाही आली तर उठून बसायचं, उठायची वेळ रोज एकच, दुपारची डुलकी बंद. आणि बाजेवर झोपेशिवाय दुसरं काहीही करायचं नाही. मामांनी नियम मेंढरं मोजावीत तसे मनापासून पाळले, आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे पाहुणा आला की बाजेवर घोंगडी अंथरून त्याला बसवतात, तोच त्याचा मान. पुतणीच्या सासरचे, अफजलपूरकडचे व्याही आले, रिवाजाप्रमाणे घोंगडीवर टेकले, तर मामा दारातून म्हणाले, ‘‘व्याही, झोप आली असंल तर बसा, न्हाई तर उठा.’’ व्याही उठले ते चहालाही न थांबता थेट बसस्टँडवर. ‘‘झोपंपायी सोयरीक मोडतीय आता,’’ म्हणून मामींनी कपाळावर हात मारून घेतला.

खरा तंटा झाला तो पट्ट्यावरून. झोप कळावी म्हणून मेघाने मनगटावर बांधायचा पट्टा पाठवला होता. त्यातून निघालं भलतंच... मामा रात्रीचे बऱ्यापैकी झोपत होते! तिने ते उत्साहाने सांगितलं. मामा म्हणाले, ‘‘म्हंजे मी येवढी वर्सं खोटं बोलायलोय?’’ पट्टा काढून त्यांनी शेळीच्या पायाला बांधला आणि मेघाशी बोलणं टाकलं. तिचा फोन आला की शेतात जायचे. गावाला ही बातमी कळायला कितीसा वेळ? ‘‘मामा झोपंतच हाका मारायलेत,’’ अशी चेष्टा सुरू झाली. मामांना ती लागली. ज्याच्या शब्दावर गाव अंथरुणातून उठत होतं, त्याला घरच्याच लेकराने खोटं पाडलं होतं, आणि झोप राहिली बाजूला, आता त्यांचा शब्दच पणाला लागला होता.

मेघा सुट्टी काढून मुडबीला आली, मी बरोबर होते. मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते. ती समोर जमिनीवर बसली. ‘‘आजोबा, चूक माझी झाली. पट्टा हालचाल बघतो, मन नाही बघत. अंगाला झोप लागलेली असते, पण मेंदूचा काही भाग जागेपणीसारखाच चालू राहतो, असं आता काही संशोधनात दिसायलंय. अजून सगळं कळलेलं नाही. पण तुम्ही जागं होतो म्हणता ते खोटं नाही.’’ मामांनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. ‘‘काही भाग जागा...’’ मग मान हलवत म्हणाले, ‘‘म्हंजे राखण करायलाय की तो.’’

त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं, ते मीही कधी ऐकलं नव्हतं. रानात मेंढरं बसवली की लांडग्याच्या भीतीने एक जण राखणीला असे. बदली करायला दुसरा आला की त्याने काठी हातात घ्यायची आणि म्हणायचं, ‘‘राखण माझी, तू झोप.’’ हे शब्द कानावर पडल्याशिवाय पहिल्याने डोळा मिटायचा नाही, मग उजाडलं तरी बेहत्तर. मेघाने विचारलं, ‘‘मग शेवटच्या रात्री राखण कुणाची होती?’’ ‘‘माझी की. सकाळी यापारी कळप घेऊन गेला.’’ ‘‘आणि तुमची बदली कुणी केली?’’ ‘‘कोन करनार पोरी? मेंढरंच न्हाईत तर...’’

एवढ्यात चुलीपुढून मामी उठल्या, पिठाच्या हातानेच कोपऱ्यातली काठी उचलली आणि ठणकावून म्हणाल्या, ‘‘राखण माझी. झोपा आता.’’ मामा खो खो हसले. ‘‘तू? तुलाच लांडग्यानं उचलून नेलं तरी कळायचं न्हाई!’’ पण डोळे पुसत हसले. तेव्हापासून मेघाच्या नियमांच्या जोडीला रोज हे चालू झालं. मामी काठी घेऊन शब्द उच्चारत आणि त्याच क्षणी काठीसकट घोरू लागत. मामा त्यांच्या मागोमाग झोपत! नियमांनी गुण दिला की काठीने, असं मेघाला विचारलं तर ती म्हणते, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पुढे शंकरची मोटार दोनदा राहिली, बस चुकल्या आणि गावातल्या मंडळींनी मेघाला फोन करून विनंती केली की मामांना परत जरा बिघडवून द्या. मामा रुबाबात म्हणाले, ‘‘अलारम लावा की! कामून मला तरास देता?’’ त्यांना इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं.

मामांचं दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. मामींचे डोळे लाल दिसत होते. मला वाटलं, रडून. ‘‘न्हाई गं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘झोपच येईना.’’ मामींना झोप नाही? ‘‘ते जागं हायत म्हणून तर मी जन्मभर झोपले. शेवटी झोपायलेत तरी हाक मारली की उठतील, ठावं होतं...’’ मेघा उठली. भर दुपारी तिने बाजेवर अंथरूण घातलं, काठी घेतली आणि उंबऱ्यात बसली. ‘‘आजी, राखण माझी. तू झोप.’’ ‘‘दुपारी झोपू नको म्हणालीस की गं.’’ ‘‘आज झोप.’’ थोड्याच वेळात मामींच्या घोरण्याने पत्रे थरथरू लागले.

संध्याकाळी मेघाची बस होती. पिशवी भरलेली, तरी ती उंबरा सोडेना. मी म्हटलं, ‘‘अगं, ठेव ती काठी कोपऱ्यात, उशीर होतोय.’’

‘‘कोपऱ्यात नाही ठेवता येत, आई. कुणीतरी हातात घ्यावी लागते.’’

मी पदराला हात पुसले आणि तिच्याजवळ गेले. ‘‘दे. राखण माझी.’’