तळहातावरचा थेंब

आमच्या शेजारच्या डबेवाल्या काकूंचा स्वतःच्या नाकाखेरीज जगात कशावरही विश्वास नव्हता. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या साहूभैयांच्या तेलघाणीवर त्या तळहातावर थेंब घेत, चोळत, हुंगत. नाक जरा मुरडलं की बरणी रिकामीच परत. "दीदी, अब सूंघने का भी पैसा लूँगा!" साहूभैया कुरकुरत, पण नवा डबा काकूंसमोरच उघडत.

शौक नव्हता हो तो, भीती होती. माहेरच्या एका लग्नात भेसळीच्या तेलाने पंगतीच्या पंगती आडव्या पडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. आता शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यांतली माणसं त्यांच्या डब्यावर जेवत. "लोकाईचे लेकरं आहेत. काही झालं तर कोनाले तोंड दाखवू?" हे रोजचंच.

मग सुटं तेल विकायची मनाई कडक झाली. भेसळ थांबावी म्हणूनच, कबूल. पण पाकिटं भरायचं यंत्र साहूभैयांना कुठलं परवडायला? घाणी बंद पडली आणि दुकानांत उरली कंपन्यांची चकचकीत पाकिटं. "काकू, सरकार तुमच्या जिवासाठीच करतंय," मी समजावलं. त्या उसळल्याच. "हव, मंग भेसळ करनाऱ्याले धरा ना! जीव माहा, नाक माहं, अन् पसंती कंपनीची काहून?"

शंकर नगरच्या एका मोठ्या दुकानात तर त्यांनी साडीची पिन काढून पाकिटाला टोचली! तेलाची चिळकांडी थेट गार्डच्या शर्टावर. मी लाजेने अर्धी झाले. काकू मात्र बोट हुंगत होत्या. "कशाचाच वास नाही येऊन राहिला गं," म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

तेव्हापासून स्वयंपाक झाला की काकू आधी स्वतः जेवत आणि दाराशी बसून राहत. पोटात ढवळतं का, गरगरतं का, याची वाट पाहत. भरलेले डबे ओट्यावर तसेच. "अहो, सील आहे ना पाकिटाला!" मी चिडायची. "ते मी नाही लावलं ना, पोट्टे." डबे उशिरा पोचू लागले. जेवणाची सुट्टी संपल्यावर आलेला डबा कोण खाणार? एकेक गिऱ्हाईक तुटलं. शेवटी सगळं आवरून काकू लेकाकडे नागपूरला निघाल्या. जाताना माझा हात ओढून त्यांनी जुन्या बरणीच्या तळाशी राहिलेला थेंब त्यावर टाकला. "हुंग. ध्यानात ठेव." मला फार रडू आलं.

आता माझ्याही घरी पाकीटच येतं. काल मुलगी ताट घेऊन आली, "मम्मी, जल्दी दो ना, भूख लगी है."

"थांब, आधी मी खाते," मी म्हणाले. दोन घास गिळले आणि तिचं रिकामं ताट हातात धरून दाराशी जाऊन बसले.